गिटारच्या बॉडीची नावं: कॉन्सर्ट, जंबो राहू द्या, इंच सांगा

सहातारी

गिटार घेताना बॉडीच्या नावावर विसंबू नका, एवढं कळकळीनं सांगायला हा धागा काढतोय. मोठ्या गिटारवर हात टाकून तासभर वाजवलं की माझा उजवा खांदा भरून यायचा, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. म्हणून लहान बॉडी शोधत होतो. 'कॉन्सर्ट' म्हणजे लहान असं वाचलं होतं, त्या नावाची मागवली. आली ती जुनीपेक्षा जेमतेम अर्धा इंच अरुंद आणि खोलीला तेवढीच. खांदा दुखायचा तो दुखतोच आहे.

मग एकेक नाव उलगडत बसलो. मार्टिन या गिटार कंपनीचे आकडे (टेलर, गिल्ड, गिब्सन याही कंपन्याच) ५ पासून १ पर्यंत उतरतात तशी बॉडी वाढत जाते. १ नंबरची खालची रुंदी, म्हणजे कंबरेखालच्या फुगीर भागाची, पावणेतेरा इंच. त्याहून मोठी काढायची म्हणून ०, मग ००, मग ०००. एका शून्याची साडेतेरा, दोन शून्यांची सव्वाचौदाच्या किंचित वर, तीन शून्यांची पंधरा. यातली ०० ती ग्रँड कॉन्सर्ट आणि ००० ती ऑडिटोरियम. टेलरची ग्रँड कॉन्सर्ट मात्र पंधरा इंची, म्हणजे मार्टिनच्या ऑडिटोरियमएवढी रुंद! मार्टिनकडे 'एम' म्हणजे सोळा इंची, तर गिल्डची एम-२० छोटीशी. गिब्सनच्या जे-४५ मधला 'जे' जंबोचा, पण समोर ठेवली तर ती उतरत्या खांद्यांची ड्रेडनॉट (मार्टिनची रुंद कंबरेची मोठी बॉडी) दिसते.

माझं म्हणणं सरळ आहे. खालची रुंदी, कंबर (मधला आत गेलेला भाग), खोली आणि स्केल (तारेची वाजणारी लांबी) ही चार मापं ठळक लिहा. नाव हवं तर त्याखाली बारीक अक्षरात.

खर्जप्रेमी

खांद्याचं वाचून वाईट वाटलं, पण मताशी पूर्ण असहमत. नावं त्या त्या काळाची आहेत. १९३४ मध्ये गिब्सननं 'जंबो' काढली तेव्हा ती खरोखरच मोठी होती. सतरा इंची सुपर जंबो नंतर आली. ड्रेडनॉट मार्टिननं १९१६ मध्ये डिटसन या वाद्यविक्रेत्यासाठी बनवली, नाव घेतलं त्या काळच्या अवाढव्य ब्रिटिश युद्धनौकेवरून. स्वतःच्या नावावर विकायला १९३१ उजाडलं. आज 'ड्रेडनॉट' म्हटलं की रुंद कंबर, भरदार खर्ज आणि गाणाऱ्याच्या मागे दणकून चालणारं स्ट्रमिंग, हे सगळं एका शब्दात कानात उभं राहतं. तुमच्या चार आकड्यांतून मला आवाज ऐकवा बरं.

सहातारी

@खर्जप्रेमी, आकड्यांतूनच तर ऐकू येतो! ड्रेडनॉट आणि ००० यांच्या रुंदीत पाऊण इंचाचाही फरक नाही. फरक खोलीत आहे. ड्रेडनॉट पावणेपाचच्या थोडी वर, ००० सव्वाचारच्या थोडी खाली. तुम्हाला आवडणारा खर्ज त्या पाऊण इंचात आणि रुंद कंबरेत आहे, आणि माझा खांदाही तिथेच अडतो. नावानं हे कधी सांगितलं?

बारावा फ्रेट

मी नावांच्या बाजूनं. मार्टिनची ओएम आणि ०००, दोन्हींची बॉडी एकच. पण १९२९ पासूनच्या ओएमचं स्केल २५.४ इंच आणि पुढे रूढ झालेल्या ०००चं २४.९. सुरात लावल्यावर ओएमच्या तारा जास्त ताणलेल्या; ०००वर तार खेचून सूर चढवायला बोटांना कमी कष्ट. दोन नावं आहेत म्हणून हे चटकन कळतं.

सहातारी

कळलं असतं, जर नियम पाळला असता तर. मार्टिनचीच ०००-१५एम घ्या. नाव तीन शून्यांचं, स्केल २५.४. म्हणून तर स्केल माझ्या चार मापांत आहे.

निळी पिक

टेलरची पद्धत मला पटते. ८१४सीई मध्ये ८ ही मालिका, १ वरून सहा तारा, ४ म्हणजे ग्रँड ऑडिटोरियम, सी म्हणजे कटअवे (मानेजवळ बॉडीला कापलेली खाच), ई म्हणजे आत पिकअप (स्पीकरला जोडण्यासाठी आवाज उचलणारं साधन). एकदा शिकलं की काम झालं.

खर्जप्रेमी

@निळी पिक, ते त्यांच्याच घरापुरतं. मार्टिनच्या डी-२८ मधला २८ लाकूड आणि सजावटीचा, आकाराचा नाहीच. आकारासाठी आधीचा 'डी' बघायचा. आणि आकडेही पुरत नाहीत, हे सहातारींनी मान्य करावं. त्याच मापाची डी-१८ महोगनीची आणि डी-२८ रोझवुडची आलटून पालटून वाजवा. पहिलीचा सूर कोरडा, नेमका. दुसरीचा मागे रेंगाळतो. हे कुठल्या इंचात बसवणार?

सहातारी

लाकडाबद्दल मान्य. तिथे मापं गप्प बसतात. पण मांडीवर काय बसेल, हे लाकूड सांगत नाही.

ब्रिजवाला

मी गिटारी दुरुस्त करतो, दोघांनाही एक सांगतो. खालची रुंदी एकच असलेल्या दोन गिटारी मांडीवर अगदी वेगळ्या बसतात. कंबर खोल कापलेली असेल तर गिटार मांडीत रुतते आणि खांदा खाली येतो. कंबर उथळ असेल तर तीच गिटार वर चढते आणि काखेत टोचते. म्हणून माझं मत कंबरेला.

मोजताना शिंप्याची टेप वळणावरून फिरवू नका, आकडा फुगतो. गिटार पाठीवर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं उभी टेकवा (कंबर मोजताना पुस्तकाची कड कंबरेच्या वळणात घाला) आणि पुस्तकांमधलं अंतर सरळ पट्टीनं घ्या.

सहातारी

@ब्रिजवाला, तुमचं वाचून आताच मोजलं. जुनी आणि नवी, दोघींची कंबर एकसारखी, अकराच्या आसपास. वर्तमानपत्रावर दोघींची बाह्यरेषा काढून एकावर एक ठेवली, तर कंबरेपाशी कागद जुळला. आता नवी घेताना हाच कागद सोबत नेणार.

खर्जप्रेमी

न्या. पण वाजवूनही बघा, आणि कुठली घेतली ते इथे लिहा. नावासकट.