चर्चा: वडिलांना विचारण्यासारखे आता काही उरले आहे का?

धागाकर्ता

जूनच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे पितृदिनी, ज्याच्या-त्याच्या स्टेटसवर वडिलांचे छायाचित्र आणि खाली कृतज्ञतेचा मोठा परिच्छेद दिसतो. त्या भावनेच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. तंत्रज्ञानामुळे वडिलांवरचे प्रेम आटलेले नाही, पण त्यांची गरज मात्र आटली आहे, आणि ज्याची गरज भासत नाही त्याची कदर करण्याची सवयही हळूहळू सुटते. अर्ज कसा भरावा, अनोळखी गावाला कोणत्या रस्त्याने जावे, हातातली नोकरी सोडावी की धरून ठेवावी, हे सारे पूर्वी वडिलांना विचारले जाई. आता नकाशा, शोधयंत्र आणि चित्रफिती ते काम करतात आणि पुष्कळदा वडिलांपेक्षा अचूक करतात. पण सायकलची उतरलेली साखळी चढवता चढवता वडील स्वतःच्या उमेदवारीच्या काळातली एखादी फजिती सहज सांगून जात. चित्रफीत मात्र साखळी चढली की संपते. आपण माहिती विचारत होतो आणि त्या निमित्ताने माणूस कळत होता. ते निमित्तच गेले आहे, असे मला वाटते. आपणांस काय वाटते?

प्रतिसाद : स्पष्टवक्ती

असहमत. आपण रंगवलेले वडील किती घरांत होते, हा माझा पहिला प्रश्न आहे. वडील घरात शिरले की रेडिओचा आवाज कमी व्हायचा आणि मुले पुस्तकात डोके खुपसायची, अशीही घरे होती आणि ती काही थोडीथोडकी नव्हती. तिथे वडिलांना काही विचारायचे असले तर ते आईमार्फत विचारले जाई आणि उत्तरही आईमार्फतच येई. ज्यांना समोरासमोर ‘कशी आहेस’ एवढे दोन शब्द आयुष्यभर उच्चारता आले नाहीत, असे कितीतरी पुरुष आज रोज सकाळी मुलीला फुलांचे चित्र असलेला सुप्रभात संदेश पाठवतात. त्या संदेशाची आपण थट्टा करतो. पण ती त्यांची हजेरी घेण्याची रीत आहे; उत्तर आले म्हणजे मुलगी सुखरूप आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे बोलणे फोनने हिरावून घेतले नाही. उलट, नव्हते तिथे ते निर्माण केले.

प्रतिसाद : जुने दप्तर

दोघांच्याही म्हणण्यात काळाचा हिशेब चुकतो आहे. वडील घरापासून दुरावले ते फोनमुळे नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, कारखान्यामुळे. शेतकरी, विणकर, सुतार यांचे काम घरात किंवा घराला लागून चाले आणि मुले ते पाहत, त्यात हातही लावत. वाफेच्या यंत्रांनी काम घराबाहेर नेले आणि वडील म्हणजे सकाळी जाऊन रात्री दमून परतणारा मनुष्य, असे चित्र रूढ झाले. वडिलांची कदर करायला एक वेगळा दिवस हवा, ही कल्पनाही त्यानंतरचीच. अमेरिकेतील स्पोकेन शहरात 19 जून 1910 रोजी सोनोरा स्मार्ट डॉड यांच्या पुढाकाराने असा दिवस साजरा झाला. त्यांच्या आईच्या निधनानंतर वडिलांनी सहा मुले वाढवली होती. त्या देशात मातृदिनाला 1914 मध्येच राष्ट्रीय मान्यता मिळाली, पितृदिनाला मात्र कायद्याने कायमचे स्थान मिळायला 1972 उजाडावे लागले. तेव्हा कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता. त्यामुळे वडिलांची कदर करण्यातील आळसाचे खापर यंत्रावर फोडण्यात अर्थ नाही. उलट 2020 च्या महासाथीत कित्येक मुलांनी वडिलांना काम करताना प्रथमच पाहिले. वरिष्ठांशी बोलताना त्यांचा आवाज किती मवाळ होतो, हेसुद्धा त्यांना तेव्हाच कळले.

प्रतिसाद : शिकवणीवाला

धागाकर्त्यांचा मुद्दा अर्धा मान्य, पण खरी अडचण त्यांनी सोडून दिली आहे. विचारणे थांबलेले नाही, त्याची दिशा उलटली आहे. आता वडील मुलाला विचारतात. माझे वडील आयुष्यभर हिशेबतपासनीस होते आणि त्यांच्या नजरेतून एका रुपयाची चूक सुटत नसे. आज त्यांच्या वहीत सुबक अक्षरात नोंद आहे: ‘आधी हिरवे चिन्ह. मग कागदाच्या टाचणीसारखे चिन्ह. मग छायाचित्र निवडणे. घाई करू नये.’ शेवटचे वाक्य मी सांगितलेले नाही, ते त्यांनी स्वतःसाठी लिहिले आहे, कारण सांगताना माझा आवाज चढतो. पाढे पाठ होईपर्यंत ज्यांनी आपल्याकडून घोकून घेतले, त्यांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की आपण त्यांच्या हातातून फोन ओढून घेतो आणि ‘द्या, मीच करतो’ म्हणतो. स्टेटसवरच्या परिच्छेदापेक्षा कदर इथे जास्त नेमकी मोजता येते.

प्रतिसाद : स्पष्टवक्ती

शिकवणीवाला, आपल्याशी सहमत. पण हे माझ्याच बाजूचे उदाहरण झाले. वडिलांनी मुलाला ‘मला येत नाही’ असे म्हणणे जुन्या घरात कल्पनेपलीकडचे होते.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. जुने दप्तर यांनी मांडलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून माझा मुद्दा खोडला जात नाही. कारखान्याने वडिलांचा वेळ नेला, अधिकार ठेवला. फोनने वेळ थोडा परत दिला असेल, पण जाणतेपण काढून घेतले. स्पष्टवक्तींना हा अधिकार गेलेलाच बरा वाटतो आणि दराऱ्यापुरते तेही योग्य आहे. मात्र दरारा आणि जाणतेपण एकाच गाठोड्यात बांधून बाहेर टाकण्याची गरज नव्हती. उत्तर फोनवर मिळत असले तरी काही गोष्टी मी मुद्दाम वडिलांनाच विचारतो, आणि त्यात मला ढोंग वाटत नाही.

प्रतिसाद : जुने दप्तर

ढोंग नसेलही, पण वडिलांना ते कळत असणार. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारण्यापेक्षा फोन ज्याचे उत्तर देऊच शकत नाही असा एखादा प्रश्न काढा. घर सोडून ते पहिल्यांदा परगावी गेले तेव्हा त्यांना कशाची भीती वाटली होती, हे आपणांस माहीत आहे का?

धागाकर्ता

नाही. पण हे विचारण्याइतकी मोकळीक आमच्यात आहे का, याचीच मला खात्री नाही, आणि इथे स्पष्टवक्तींचा मुद्दा मला अधिक जड जातो.