मदत हवी आहे: जंगली पांडा जंतांनी मरतात म्हणजे नेमकं काय होतं?

कावेरी_न

नमस्कार मंडळी,

सिचुआनमधल्या पांडांवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. गुरुवारी ध्वनिमुद्रण आहे. सगळं झालं, एका परिच्छेदावर गाडी अडली आहे.

मूळ संहितेत म्हटलंय की 2001 ते 2005 या काळात जंगली पांडांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण एक गोलकृमी होता. मी सरळ "जंतांमुळे" असं लिहिलं. तर दिग्दर्शक म्हणाले, "अहो, जंत तर आमच्या बंड्यालाही झाले होते. गोळी दिली, संपलं. एवढ्याशाने शंभर किलोचं अस्वल मरतं होय?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न तीन:
१. जंतांनी पांडा मरतो कसा?
२. मूळ शब्दाचा अर्थ "अंतर्गत अवयवांतून अळ्यांचं स्थलांतर" असा काहीतरी आहे. ऐकायला बरा वाटेल असा मराठी शब्द?
३. औषध का देत नाहीत?

---

टिवल्याबावल्या

पांडाचे जंत चीनने बघावेत, आपण आपले बघू. (पळतो)

---

कावेरी_न

पळा, पण उत्तर देऊन पळा :)

---

गुरांचा_डॉक्टर

ताई, पांडा मी कधी तपासला नाही, पण जंतांशी तीस वर्षांचा संबंध आहे.

दिग्दर्शकांना विचारा, रेडकू जंतांनी मेलेलं पाहिलंय का? आमच्याकडे म्हैस व्यायली की पंधरा दिवसांच्या आत रेडकाला जंताचं औषध पाजा म्हणून घसा कोरडा करतो. नाही पाजलं तर पोट नगाऱ्यासारखं, चिखलासारखी हगवण, अंगावरचे केस उभे, आणि महिन्याभरात खेळ खलास. तेव्हा "एवढ्याशाने" हा शब्द त्यांनी मागे घ्यावा.

पांडाच्या जंताचं नाव बेलिसॅस्कॅरिस श्रोडेरी. त्याला मधला यजमान, म्हणजे अळी वाढायला मध्ये दुसरा प्राणी, लागत नाही; गोगलगाय नाही, उंदीर नाही. पांडाच्या विष्ठेतून अंडी जमिनीवर पडतात, तिथे पक्व होतात आणि चाऱ्याबरोबर दुसऱ्या पांडाच्या पोटात जातात. आतड्यात अळी बाहेर येते, पण तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत फोडून यकृतात, तिथून फुप्फुसात, मग खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते, आणि आतड्यात मोठी होते. दिग्दर्शकांच्या डोक्यात आहे तो हा शेवटचा टप्पा. जीव घेणारी गोष्ट त्याआधीच्या प्रवासात आहे. दहा-वीस अळ्या गेल्या तर शरीर सावरतं. शेकड्यांनी गेल्या की यकृत आणि फुप्फुस आतून फाटतं, सुजतं, रक्तस्राव होतो. पोटात मोठ्या जंतांचा गुंता होऊन आतडं तुंबतं ते वेगळंच.

---

बांबूबन

डॉक्टरांना +१. थोडी भर.

हा जंत 1939 साली शास्त्रीयदृष्ट्या वर्णिला गेला, पण चीनमधून नव्हे, तर न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या पांडातून. बिचारा समुद्र ओलांडून गेला तरी पाहुणे सोबत होतेच.

2001–2005 चं वाक्य वापरताना जरा जपून. ते 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातलं आहे, 1971 पासूनच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून केलेलं. जंगलात मेलेला प्रत्येक पांडा माणसाला सापडत नाही. तेव्हा "ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांच्यात" हे शब्द घालाच. पूर्वी पांडा म्हटलं की उपासमार आठवायची, 1975-76 च्या सुमारास चीनमधल्या मिनशान डोंगररांगेतला बांबू फुलून वाळला तेव्हा 138 पांडा मेल्याची नोंद आहे. नंतर जंत पुढे आले. कारण म्हणून संशोधकांनी दाटीकडे बोट दाखवलं आहे: संरक्षणामुळे पांडा वाढले, पण जंगल तुकड्यातुकड्यांचं राहिलं. 2014 च्या गणनेनुसार 1,864 जंगली पांडा, तेही 33 वेगवेगळ्या गटांत. त्याच त्या पायवाटा, त्याच जागी विष्ठा, तोच बांबू.

अवांतर: पांडा दिवसाला 12 ते 38 किलो बांबू खातो आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पचवतो. बाकीचं कुठे जातं ते सांगायला नको. जंताच्या अंड्यांना याहून सुखाचा देश नाही.

---

कावेरी_न

डॉक्टर, बांबूबन, खूप आभार! मग विष्ठा तपासून कोणत्या पांडाला जंत आहेत ते कळत असेल ना? आणि औषध?

---

गुरांचा_डॉक्टर

कळतं, पण अर्धवट. विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवली की अंडी वर तरंगतात, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. पण अंडी घालते ती आतड्यातली मोठी मादी. यकृतात फिरणारी अळी अंडी घालत नाही. म्हणजे जनावर सगळ्यात धोक्यात असतं तेव्हाच अहवाल कोरा येऊ शकतो! रेडकांच्या बाबतीत मी दोनदा फसलोय.

औषधं आहेत. बंदिवासातल्या पांडांना ठरावीक काळाने देतात, आणि तिथे औषधाला न जुमानणारे जंत तयार होण्याची भीती आहेच. जंगलात कसं देणार? गुंगीचं औषध देऊन पकडावं तर त्यातच धोका. आमिषात घालावं तर बांबूशिवाय बहुतेक काही खात नाही हा प्राणी. आणि समजा पाजलं, तरी मातीतली अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात. आठवड्याभरात पुन्हा तोच बांबू, तीच माती.

---

टिवल्याबावल्या

परत आलो. शब्दासाठी सुचवतो: "भटक्या अळ्यांचा आजार". बोलायलाही सोपं.

---

कावेरी_न

वा! असं लिहितेय: "ज्या पांडांच्या मृत्यूचं कारण कळलं, त्यांतल्या बहुतेकांचा जीव पोटातल्या जंतांनी नव्हे, तर वाट चुकून यकृतात आणि फुप्फुसात शिरलेल्या त्यांच्या भटक्या अळ्यांनी घेतला."

---

बांबूबन

"बहुतेकांचा" काढा. सगळ्यात मोठं कारण म्हणजे बहुतेकांचं कारण असं होत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर

आणि "वाट चुकून" काढा. रॅकून या अमेरिकेतल्या प्राण्याचा जंत माणसात शिरला तर तो वाट चुकतो. हा चुकलेला नाही. पांडा हेच त्याचं घर आणि यकृत-फुप्फुस ही त्याची रोजची वाट. त्या वाटेवर गर्दी झाली, एवढंच.

---

कावेरी_न

दोन्ही काढलं. "वाटेवर गर्दी" उचलतेय, चालेल ना डॉक्टर?

---

गुरांचा_डॉक्टर

चालेल की. आणि बंड्याला सहा महिन्यांनी पुन्हा गोळी द्यायला सांगा.