डोक्यात रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाची कंबर दुखली तर त्याच दिवशी एमआरआय झाला पाहिजे, तुमचं काय मत?

हळदवाला_सांगली
आमचे आण्णा, वय ६८, हृदयाला धातूचा व्हॉल्व्ह म्हणून रक्त पातळ करायची गोळी कायमची चालू. गोठ्यात पाय घसरला आणि डोकं गव्हाणीवर आपटलं. सीटीमध्ये मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्या मधे रक्ताचा पातळ थर दिसला, सबड्युरल. ऑपरेशन लागलं नाही, गोळी थांबवली, रक्त गोठायचं औषध दिलं, पाच दिवसांनी घरी आणलं, आम्ही म्हटलं सुटलो. दुसऱ्याच दिवशी कंबर आणि दोन्ही मांड्या मागनं ठणकायला लागल्या. दवाखान्यात सांगितलं झोपून झोपून कंबर धरलीय, गोळ्या दिल्या, घरी आईनं गरम तेलानं चोळलं, मी पण शेक दिला. तीन दिवसांनी लघवी तुंबली, पाय उचलेना, मग मिरजेला पळालो. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यात आवरणाच्या आत रक्त साठलेलं! न्यूरोसर्जन म्हणले, मेंदूचं आणि मणक्याचं आवरण सलग आहे, डोक्यातलं रक्त बसता उठता खाली उतरून तिथं साचू शकतं. आम्हाला हे आधी एका माणसानं सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की अशा पेशंटची कंबर दुखली की त्याच दिवशी एमआरआय, मालिश बिलिश नाही.

जतकडचा_डॉक्टर
आण्णांचं वाचून वाईट वाटलं, पण "त्याच दिवशी एमआरआय" हे मला पटत नाही. मणक्यातल्या रक्तगाठी मुळात दुर्मिळ, त्यातही बहुतेक आवरणाच्या बाहेर होतात, आतली सबड्युरल त्याहून दुर्मिळ. वरून उतरलेलं रक्त बऱ्याचदा आपोआप जिरतं. माझ्याकडं येणारा माणूस मोलमजुरी करणारा, एमआरआयसाठी मिरज गाठायची म्हणजे त्याचा दिवस बुडतो आणि पैशे वेगळे. पायाची ताकद बघा, मांडीच्या आतल्या बाजूला बधीरपणा आहे का बघा, लघवी नीट होते का विचारा, यातलं काही बिघडलं असेल तर तासाभरात पाठवा. आणि दुसरी भीती मला जास्त आहे, हे वाचून कुणीतरी स्वतःच्या मनानं व्हॉल्व्हची गोळी बंद करेल. धातूच्या व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर लकव्याचा झटका येतो, जीव जातो.

हळदवाला_सांगली
डॉक्टर, गोळी मनानं बंद करू नका हे मी पण सांगतो. पण पायाची ताकद बघा म्हणताय, ती बघितलीच नाही हो कुणी, पँट सुद्धा वर केली नाही. तपासणीवर भरवसा ठेवायचा तर तपासणी झाली तर पाहिजे ना.

ओटी_सिस्टर
मी हळदवाल्या दादांच्या बाजूनं. उलट्या दिशेनं पण होतं हे. सिझेरियनला कमरेत सुई देऊन भूल देतात, क्वचित त्या छिद्रातनं मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी झिरपत राहतं आणि डोकं दुखतं, बसलं की दुखणार, आडवं झालं की थांबणार. त्यात नवल नाही, बहुतेकींचं थोड्या दिवसात जातं. पण पाणी कमी झालं की मेंदू जरा खाली बसतो, आवरणाकडं जाणाऱ्या बारीक शिरा ताणतात आणि अगदी क्वचित एखादी फुटून डोक्यात सबड्युरल होतं. खूण अशी की आडवं झालं तरी दुखायचं थांबत नाही. आमच्या एका बाळंतिणीला घरच्यांनी चहा पाजून झोपवून ठेवलं होतं, ती उलट्या करायला लागल्यावर आणलं.

इस्लामपूरची_सून
ताई असं लिहू नका हो, माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, आता मी ती सुई घेणार नाही.

ओटी_सिस्टर
बाळा, सुई घे. सिझेरियनला पूर्ण भूल देण्यापेक्षा बहुतेक वेळा तीच बरी पडते. फक्त डोकेदुखीची तऱ्हा बदलली तर अंगावर काढू नकोस, एवढंच.

तालमीतला_पोरगा
म्हातारी माणसं आणि बाळंतिणीच नाहीत. आमच्या तालमीतला १७ वर्षांचा पैलवान, डोक्याला जोराचा मार असा कधी बसलाच नव्हता, नुसता सराव. महिनाभर डोकं दुखतंय म्हणून सगळे म्हणले ऊन लागलं, दूध बदाम कमी पडले. स्कॅनमध्ये जन्मापासनं असलेली पाण्याची पिशवी निघाली, अरॅक्नॉइड सिस्ट, आणि तिच्या बाजूला जुनं रक्त. अशी पिशवी असली की किरकोळ धक्क्यानं पण रक्त साचू शकतं म्हणे. बाकी सगळ्या पोरांचा स्कॅन करा असं मी म्हणत नाही, पण वस्तादांना हे ठाऊक पाहिजे.

जतकडचा_डॉक्टर
पैलवानाचं उदाहरण मोलाचं. जुन्या रक्ताचा अजून एक फसवा प्रकार सांगतो, मार लागून दोन-तीन आठवडे झाले की सीटीवर रक्ताचा रंग मेंदूसारखाच दिसतो, दोन्ही बाजूला सारखं असलं तर अनुभवी नजरेतनं पण सुटू शकतं. मशीन केलं म्हणजे संपलं असं नाही, म्हणून मी आधी हात लावून तपासा म्हणतोय.

हळदवाला_सांगली
मग निदान डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी छापा, कंबर दुखली, पाय जड झाला, लघवी अडली तर लगेच या, तेल लावू नका. आण्णांची लघवीची नळी काढायला दीड महिना लागला, डावा पाय अजून ओढतात.

जतकडचा_डॉक्टर
कार्डाचं शंभर टक्के मान्य, माझ्या ओपीडीत उद्याच शिक्का करून घेतो. एमआरआय सरसकट, त्याला माझा विरोध तसाच आहे.