ठाण्याच्या रिंगला मेट्रोच कशाला? लाइट रेल का नको?

वागळेकर

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ठाण्याच्या अंतर्गत रिंग मेट्रोला मंजुरी दिली. २९ किमी, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी आणि २०२९ ची तारीख. रायलादेवी, वागळे सर्कल, लोकमान्यनगर, शिवाईनगर, मग घाणेकर नाट्यगृह, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकुम, राबोडी करत करत परत ठाणे स्टेशन. मी लोकमान्यनगरला राहतो, म्हणजे मला तर पेढे वाटायला पाहिजेत, पण हिशोब मांडला की पोटात गोळा येतो. किलोमीटरमागे ४२० कोटी झाले हो.

मधे हीच लाइन लाइट रेल म्हणून करायचं चाललं होतं, तेव्हा आकडा सात हजार कोटींच्या आसपास फिरत होता. केंद्राने २०१९ लाच 'मेट्रोलाइट'चे नियम काढलेत, छोटी तीन डब्यांची गाडी, साधारण ३०० माणसं, स्टेशनं साधी, आणि खर्च नेहमीच्या मेट्रोच्या ४० टक्क्यांच्या घरात. ही लाइन मुंबईला जात नाही, गावातल्या गावात फिरते. लोक नौपाड्यातून मानपाड्याला जाणार, वागळेतून स्टेशनला जाणार. त्याला एवढी धिप्पाड मेट्रो कशाला? उरलेल्या पैशात बस आणा, फुटपाथ करा. माझं मत तरी असं आहे, आता झोडा.

कोलशेतचा_टॉवर

झोडतोच. साहेब तुम्ही वागळे साइडला राहता, एकदा सकाळी आठला कोलशेत बाळकुम साइडला या. चाळीस मजली टॉवर उभे राहतायत आणि अजून निम्मे भरलेले पण नाहीत. मंजुरीच्या कागदात २०२९ ला रोजचे ६.४७ लाख प्रवासी धरलेत आणि २०४५ ला ८.७२ लाख. ३०० माणसांच्या गाडीत बसवणार का हे सगळे? एकदा खांब उभे राहिले आणि प्लॅटफॉर्म छोटे बांधले की संपलं, नंतर डबे वाढवता येत नाहीत. मोनोरेलचं काय झालं ते डोळ्यासमोर आहे ना. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद म्हणून सगळे मोनोत चढले आणि वजन जास्त झालं म्हणून ती म्हैसूर कॉलनीजवळ वरच अडकली, पाचशेच्या वर लोक शिडीने उतरवले. स्वस्त आणि हलकं म्हणजे हेच.

वागळेकर

मोनोरेल आणि लाइट रेल एकाच पारड्यात टाकू नका हो, प्रत्येक वेळी हेच होतं. मोनो एका सिमेंटच्या तुळईवर चालते, गाडी एकाच कंपनीची, सुटे भाग तिच्याशिवाय कोणाकडे नाहीत, ती मलेशियन कंपनी गेली आणि गाड्या शेडमध्ये धूळ खात बसल्या. लाइट रेल साध्या दोन रुळांवर चालते, दहा कंपन्या डबे बनवतात.

आणि ते ६.४७ लाख ना, जरा शेजारी बघा. मुंबईची मेट्रो २ए आणि मेट्रो ७ मिळून ३५ किमी, लिंक रोड आणि हायवे, जिथे माणूस माणसाला चिकटून राहतो, तिथे दोन्ही मिळून रोजचे अडीच-तीन लाख. आणि ठाण्याची २९ किमीची रिंग पहिल्याच वर्षी त्याच्या दुप्पट नेणार? असले आकडे प्रकल्प पास करून घ्यायला असतात.

दादर_टीटी

वयाने ज्येष्ठ असल्याने थोडं अवांतर. माझ्या आयडीतलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गेली. मी लहानपणी बसलोय त्यात. रस्त्यातून जायची, गाड्यांच्या गर्दीत अडकायची, म्हणून काढली. आता साठ वर्षांनी तीच गोष्ट 'लाइट रेल' म्हणून परत येते, पण आम्हाला ती रस्त्यावर नको, खांबावर पाहिजे. खांबावर चढवली की खर्च तिथेच गेला की नाही?

रिक्षा_स्टँड

+१ आजोबा. आणि समजा खाली रस्त्यावर आणलीच, तर पहिल्या दिवशी रुळावर रिक्षा लागतील, दुसऱ्या दिवशी वडापावची गाडी आणि गणपतीत मंडप. कुंपण घातलं तर पलीकडच्या दुकानात जायला अर्धा किलोमीटर वळसा, मग लोक कुंपण कापणार. पुण्यात बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठीची, लेन वेगळी ठेवता आली नाही आपल्याला.

लीथवॉकवरून

मी मूळची ठाण्यातल्या चरईची, आता एडिंबरामध्ये असते, लीथच्या बाजूला. इथल्या ट्रामची कहाणी दोन्ही पक्षांनी ऐका. ५४५ मिलियन पौंडात करायची होती, ७७६ मिलियन झाले. २०११ ची तारीख होती, मे २०१४ ला सुरू झाली. आणि न्यूहेवनपर्यंत जायची ती मधेच यॉर्क प्लेसला थांबवली, फक्त १४ किमी. राहिलेला तुकडा २०२३ ला झाला, आणि का उशीर झाला याच्या चौकशीलाच नऊ वर्षं लागली ते वेगळंच.

खरी भानगड गाडीची नव्हतीच, जमिनीखालची होती. रूळ टाकायच्या आधी खालचे पाण्याचे पाइप, गॅस, केबल सगळं बाजूला काढायचं असतं, आणि जुन्या शहरात नकाशात एक असतं आणि खणलं की दुसरंच निघतं. ते काम संपायच्या आधीच ठेकेदाराला रुळाचं काम दिलं, मग भांडणं, मग काम बंद. प्रिन्सेस स्ट्रीटवर रूळ टाकून झाल्यावर रस्ता परत उकरावा लागला, दुकानदार रडकुंडीला आले होते. तर वागळेकर, तुमची 'हलकी म्हणून स्वस्त' ही थिअरी नौपाड्यात पहिला खड्डा खणेपर्यंतच टिकेल असं मला वाटतं. पण हेही सांगते की आज ट्राम भरून जाते, आणि ज्यांनी शिव्या घातल्या तेच त्यात बसतात. मी पण बसते.

वागळेकर

ताई चरईची असून माझ्या विरोधात 😀 मुद्दा पटला मात्र. पण मी रस्त्यावर म्हणतच नव्हतो. खांबावरच, पण बारीक खांब, छोटं स्टेशन, सरकते जिने नि काचेचे महाल नकोत. आणि खाली खणायचं म्हणाल तर मेट्रोच्या खांबाच्या पायाला पण खणावंच लागतं, तिथले पाइप काय आपोआप सरकतात?

पियर_कॅप

मी याच क्षेत्रात काम करतो (रिंगवर नाही, म्हणून बोलू शकतो). दोन्ही बाजू गाडीच्या वजनात अडकल्यात. २९ पैकी २६ किमी वरून आहे आणि ३ किमी भुयारात, जुनं ठाणे स्टेशन आणि मेंटल हॉस्पिटलच्या बाजूचं नवीन स्टेशन, ही दोन स्टेशनं जमिनीखाली. पैसा तिथे जातो. तिथे गाडी तीन डब्यांची असो नाहीतर सहाची, भुयार खणायचंच आहे, हवा खेळवायचीच आहे, आगीचे दरवाजे द्यायचेच आहेत. हलक्या गाडीने फार तर थोडं वाचेल.

दुसरं म्हणजे क्षमता मोजायची ती दिवसाच्या लाखांत नाही, गर्दीच्या तासाला एका दिशेने किती माणसं जाणार त्यात. रिंग असल्याने कोणी पूर्ण चक्कर मारत नाही, स्टेशनपासून एक लोंढा डावीकडे जातो आणि एक उजवीकडे, म्हणजे तीच गर्दी दोन वाटांनी फुटते. ३०० ची गाडी दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला ९,०००. मेट्रोलाइटची मर्यादा १५,००० पर्यंत धरलीय. माझा स्वतःचा अंदाज, सुरुवातीला एवढं पुरेल. पण कोलशेतवाल्यांचं हे बरोबर की प्लॅटफॉर्म लांब बांधा. प्लॅटफॉर्म लांब, गाडी छोटी, आणि दोन मिनिटाला एक. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, मोठी गाडी घेतात आणि पंधरा मिनिटांनी सोडतात.

मूळ_नाशिककर

तुमचं भांडण ऐकून हसू येतंय. आमच्या नाशिकला मेट्रो निओ मिळणार होती, रबरी टायरची, मेट्रोलाइटपेक्षाही स्वस्त. २०२१ च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी वाचून दाखवले, आम्ही फटाके वाजवले, गंगापूर ते नाशिकरोड अशी लाइन म्हणे. पुढे काम सुरू झालंच नाही. स्वस्त मागितलं की मिळतं असं तुम्हाला वाटतं, पण स्वस्ताला कोणी वाली नसतो हो. बारा हजार कोटी म्हटलं की सगळे उठून बसतात. तुम्हाला मिळतंय तर गप घ्या.

कोलशेतचा_टॉवर

नाशिककर 👏 आणि वडाळ्याहून ठाण्याला येणारी मेट्रो ४ बघा, डिसेंबर २०१६ ला भूमिपूजन, ट्रायल रन झाली सप्टेंबर २०२५ ला. परत सगळं बदलून लाइट रेलचा नवीन अहवाल, नवीन मंजुऱ्या, म्हणजे माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल. मला गाडीचं नाव काय त्याच्याशी देणं घेणं नाही, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे रोजचे दोन तास जातात ते परत पाहिजेत.

रिक्षा_स्टँड

बाय द वे स्टेशनची नावं विकून पैसे उभे करणार असं मंजुरीतच लिहिलंय, म्हणजे 'अमुक सिमेंट मानपाडा' आणि 'तमुक बनियन राबोडी' साठी तयार रहा.

वागळेकर

बनियन राबोडी 😂

बरं, पियर कॅप यांचं मला पटलं, आता बदलायची वेळ गेली हे पण पटलं. पण ६.४७ लाख मी अजूनही मानत नाही, २०२९ ला (किंवा जेव्हा होईल तेव्हा) हा धागा वर काढू. तोपर्यंत माझी एकच मागणी, प्रत्येक स्टेशनखाली बस वळायला जागा ठेवा. शिवाईनगर स्टेशनखाली उतरलेल्या माणसाला पुढे शेअर रिक्षात चौथा म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी लटकायचं असेल तर बारा हजार कोटी कशाला घालवले.

दादर_टीटी

२०२९ ला धागा वर काढाल तेव्हा मी पंच्याहत्तरीचा असेन. जिना चढवणार असाल तर येणार नाही, सरकता जिना ठेवा म्हणावं. तेवढा तरी कापू नका.