लस न घेतलेल्यांना दार बंद करण्याचा आम्हाला अधिकार होता का?

पश्चिमवारा:
ऑगस्ट 2021 मध्ये आमच्या डोंबिवलीच्या गृहनिर्माण संस्थेने असा ठराव केला की, कोविड लशीच्या दोन्ही मात्रा झाल्याशिवाय घरकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला आवारात प्रवेश देऊ नये. तो ठराव मी स्वतः मांडला होता. एप्रिल-मे महिन्यांत इमारतीतील तीन माणसे गेली होती आणि आपण ज्येष्ठांचे रक्षण करीत आहोत, असे मला मनापासून वाटत होते.

आमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचे वय तेव्हा अडतीस होते. त्यांनी पहिली मात्रा 1 जुलैला घेतली होती, कारण मे महिन्यात साठा अपुरा पडल्यामुळे राज्याने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवले होते. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर तेव्हा किमान 84 दिवसांचे होते. म्हणजे दुसरी मात्रा 23 सप्टेंबरपूर्वी मिळणे शक्यच नव्हते. 15 ऑगस्टपासून लोकलचा पास मिळू लागला, तोही दुसऱ्या मात्रेनंतर 14 दिवस झालेल्यांनाच. त्या दिवा स्थानकाहून लोकलने येत असत. तारखांची बेरीज केली तर 7 ऑक्टोबरपर्यंत त्यांना रेल्वेही बंद होती आणि आमचे फाटकही. त्यांचा लशीला विरोध नव्हता, त्या केवळ रांगेत होत्या. ही बेरीज मी तेव्हा केली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

माझा प्रश्न केवळ त्यांच्यापुरता नाही. एखाद्याने लस घेण्यास खरोखरच नकार दिला असता, तरी त्याचे काम आणि प्रवास रोखण्याचा अधिकार शासनाला किंवा आमच्यासारख्या संस्थेला होता का?

न्यायप्रविष्ट:
कायद्याचे उत्तर 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लससक्तीला आव्हान देणाऱ्या जेकब पुलियेल प्रकरणात दिले. न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या पीठाने सांगितले की, स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये अंतर्भूत आहे आणि कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र हा निकाल अर्धाच उद्धृत केला जातो. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, सार्वजनिक आरोग्यासाठी शासन व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकते, परंतु ती मर्यादा कायदेशीर, रास्त हेतूची आणि प्रमाणबद्ध असली पाहिजे. लस न घेतलेल्या माणसाकडून होणारा प्रसार लस घेतलेल्यापेक्षा अधिक आहे, हे दाखवणारी माहिती राज्य सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नव्हती. म्हणून त्या वेळच्या परिस्थितीत ते निर्बंध प्रमाणबद्ध ठरले नाहीत. केंद्राचे लसीकरण धोरण मात्र न्यायालयाने अवाजवी मानले नाही.

याचा अर्थ असा की, निर्बंध योग्य की अयोग्य हे ती लस दुसऱ्याचे किती रक्षण करते यावर ठरते आणि ते उत्तर काळानुसार बदलते. ऑगस्ट 2021 मध्ये लशीमुळे प्रसारही कमी होईल असे मानण्यास काही आधार होता. जानेवारी 2022 च्या सुमारास, ओमायक्रॉन या कोविडच्या नव्या प्रकाराच्या लाटेत, दोन्ही मात्रा घेतलेली माणसे घरोघरी आजारी पडली, तेव्हा तो आधार पुष्कळच क्षीण झाला. लस स्वतःला गंभीर आजारापासून वाचवते, हे तरीही खरेच होते. परंतु माणसाने स्वतःचा जीव वाचवावा म्हणून त्याचा प्रवास रोखणे हे तत्त्वतः निराळे प्रकरण आहे. लोकलवरची अट मार्च 2022 च्या अखेरीपर्यंत टिकली. माझ्या मते तिचे समर्थन जानेवारीतच संपले होते.

आरोग्यसेविका:
मी अठरा वर्षे लसीकरण सत्रांवर काम केले आहे आणि मला वरील चर्चेत एक भर घालायची आहे. ‘लस’ हा एकच शब्द वापरल्यामुळे आपली फसगत होते. गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजारी करू शकतो आणि त्याचा प्रसार थांबवायचा तर सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर देतात. त्याआधीचे तान्हे मूल बरेचसे शेजारच्या मुलांच्या लसीकरणावर विसंबून असते. 2022 च्या अखेरीस गोवंडी परिसरात जो उद्रेक झाला, तेव्हा ते मुंबईने पाहिले. टाळेबंदीच्या काळात चुकलेल्या मात्रा हे त्याचे एक कारण होते. अशा ठिकाणी ‘माझे मूल, माझा निर्णय’ हे म्हणणे मला मान्य करता येत नाही, कारण त्या निर्णयाची किंमत दुसऱ्याचे मूल देते.

तरीही सक्ती करावी, असे मी म्हणणार नाही. पल्स पोलिओच्या फेरीत आम्ही घराच्या दारावर खडूने खूण करीत असू. सर्व मुलांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’ आणि मूल राहून गेलेल्या किंवा नकार दिलेल्या घरावर ‘एक्स’. मग त्या एक्स घरांत पुन्हा जायचे, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधी वस्तीतील मौलानांना किंवा सरपंचांना बरोबर घेऊन, कधी त्याच घरातील आजीला आधी विश्वासात घेऊन. पुष्कळ नकारांमागे लशीविषयी भय नसून आमच्याविषयी राग असायचा: नळाला पाणी नाही, दवाखान्यात कोणी नीट बोलत नाही, आणि दोन थेंब पाजायला मात्र तुम्ही दर महिन्याला हजर. ते ऐकून घेणे हेही कामच होते. वन्य (नैसर्गिक) विषाणूमुळे झालेला देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. तिथवर पोहोचताना आम्ही कोणाचे रेशन बंद केले नव्हते. म्हणूनच नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही असा आदेश निघाला, तेव्हा मला फार क्लेश झाले. केंद्रांवर रांगा लागल्या असतील, पण रेशनसाठी टोचून घेतलेला माणूस पुढच्या वेळी घरी येणाऱ्या आशा सेविकेला दार उघडेल का, याचा विचार त्या आदेशात नव्हता.

दीपमाळ:
माझ्या आईचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे लशीच्या मात्रा घेऊनही तिला पुरेसे संरक्षण मिळेल याची खात्री डॉक्टर देऊ शकले नाहीत. येथे स्वातंत्र्याविषयी जे लिहिले गेले ते मी आदराने वाचले, पण त्या दोन वर्षांत ती एकदाही जिना उतरली नाही, तिच्या स्वातंत्र्याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही. तिला डायलिसिसच्या दिवसांपासून ओळखणारी परिचारिका लस घ्यायला तयार नव्हती. तिला समजावत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता.

गुलटेकडी:
दीपमाळ, आपल्या आईंचा मुद्दा सर्वांत आधी यायला हवा होता.

मी पुण्याचा असल्यामुळे मला 1897 आठवते. साथरोग कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला आणि त्याच्या बळावर रँडच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरांची झडती घेतली, माणसे छावण्यांत नेली. हेतू रोग आवरण्याचाच होता, पण पद्धतीमुळे लोक रोगी लपवू लागले आणि 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वज्ञात आहे. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. सामूहिक जबाबदारी म्हणतात ती ही, आणि ती दुसऱ्यावर लादण्याआधी स्वतः उचललेली होती.

म्हणून शासनाने माणसाला ‘समाजासाठी दंड पुढे करा’ असे सांगितले, तर क्वचित एखाद्याला त्रास झाल्यास त्याला भरपाई देण्याची हमीही समाजानेच घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये तसा कायदा 1979 पासून आहे. कोविडच्या मोहिमेत आपल्याकडे संमती ऐच्छिक म्हणायची, व्यवहारात अट घालायची आणि काही झाल्यास कुटुंबाने न्यायालयात जायचे, अशी स्थिती होती.

पश्चिमवारा:
सर्वांचे मनापासून आभार. दीपमाळ, रुग्णाला हात लावणाऱ्या परिचारिकेवरील अट आणि दिव्याहून येऊन जिना पुसणाऱ्या बाईवरील अट मी एकाच मापाने मोजत होतो, हे आपला प्रतिसाद वाचून उमगले. आपल्या आईंच्या खोलीत जाणाऱ्या परिचारिकेला, लस नको असेल तर, दुसऱ्या विभागात काम देणे मला आजही न्याय्य वाटते. तिचे वेतन मात्र थांबू नये.

आमचा तो ठराव संस्थेच्या इतिवृत्तात अजून तसाच आहे, कारण तो रद्द करण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत मी तो रद्द करण्याचा विषय घालत आहे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर 2021 या काळात ज्या बायकांना आपण परत पाठवले, त्यांचा बुडालेला पगार संस्थेने द्यावा, असेही त्यात लिहीत आहे. अशा बायका अकरा होत्या. त्यांपैकी सात जणींचे पत्ते मिळाले आहेत.