मदत हवी आहे : जुना पाको राबान सेंट पूर्ण बिघडला की नुसता वरचा वास उडाला?

रामराम मंडळी. आर्वीकडच्या एका वाड्याच्या सामानात 'पाको राबान पूर ओम'ची हिरवी बाटली मिळाली. हा सेंट १९७३ साली बाजारात आला. बाटली स्प्रेची नाही, बूच फिरवायचं. खोक्यावर बारकोड नाही, घटकांची यादीही नाही, म्हणून खोक्यावर ॲलर्जीकारक घटकांची नावं छापायला लावणाऱ्या २००५ च्या युरोपीय नियमाआधीची धरली. तळाचा नंबर घासला गेलाय.

सेंट बाटलीच्या मानेखाली बोटभर उतरलाय. पांढऱ्या बशीत थेंब टाकला तर कोऱ्या चहासारखा रंग. कागदाच्या पट्टीवर तीनदा पाहिलं: पहिली पाच मिनिटं नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा आंबूस भपका, सुरुवातीला यायचा तो लव्हेंडर-रोजमेरीचा वरचा वास गायब. पण अर्ध्या तासानं मध, साबण आणि ओकमॉसचा (ओकच्या झाडावरच्या दगडफुलाचा) ओला मातकट वास असा काही उघडतो की विचारू नका! दुसऱ्या दिवशीही पट्टीवर टिकून होता. अंगावर अजून लावला नाही.

विकायचा नाही, संग्रहात ठेवून कधीमधी वापरायचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, अन् फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी ठेवायला घरचे तयार नाहीत.

भपका इतक्या लवकर ओसरतो म्हणजे फक्त वरचा थर गेलाय, की आतलंही बिघडत चाललंय, हे कसं ओळखायचं? आणि हवा कमी लागावी म्हणून लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवू, की मूळ बाटलीतच राहू देऊ?