कॉर्नमीलला मराठीत काय म्हणायचं? (आणि 'च्यूई'ला?)

मेथांबा:
दालचिनी-साखरेच्या कुकीजची कृती मराठीत लिहून सांगलीच्या वहिनींना पाठवली. इथे अमेरिकेत त्यांना स्निकरडूडल म्हणतात. मी थोडा मैदा कमी करून कॉर्नब्रेडचं (मक्याच्या पावाचं) पिवळं कॉर्नमील, म्हणजे दळलेला मका, घालते: 150 ग्रॅम मैद्याला 60 ग्रॅम. कृतीत बिनधास्त 'मक्याचं पीठ' लिहिलं. वाण्याने वहिनींना कॉर्नफ्लोअर दिलं. कुकीज पांढऱ्याफटक झाल्या, बोट लावलं की भुगा, तोंडात टाकलं की टाळूला चिकटणार. "नानकटाईच्या पासंगालाही पुरत नाही हो तुमचं हे," म्हणाल्या. चूक वाण्याची, वहिनींची की माझ्या शब्दाची?

तिखटमीठ:
शब्दाचीच. आपल्याकडे ब्रिटिशांच्या वळणाने कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं सत्त्व: साल, अंकुर, प्रथिनं सगळं काढून उरलेला निव्वळ स्टार्च. मंचुरियनची ग्रेव्ही दाट करायला घालतात ते. अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि तिथलं कॉर्नफ्लोअर हे खरोखरच दळलेल्या मक्याचं बारीक पीठ असतं. एकच नाव, दोन डबे.

जातं:
पण 'मक्याचं पीठ' म्हणून योग्य वस्तू मिळाली असती तरी कुकी फसलीच असती, अगदी एवढी नाही. आपलं मक्याचं पीठ भाकरीसाठी दळलेलं, मऊ. कॉर्नमील चिमटीत धरून चोळलं तर बोटांना कण लागतात. म्हणून माझं मत 'मक्याचा बारीक रवा'. 'भरडा' म्हटलं की आमच्या कोकणात लोक वड्यांकडे वळतात, आणि 'कण्या' म्हणाल तर वहिनी शिजवून ताकाबरोबर वाढतील.

तिखटमीठ:
रव्याला अनुमोदन. मेथांबा, तुमच्याकडच्या मेक्सिकन दुकानातला मासा हरिना मात्र यात धरू नका. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्याला टॉर्टियाचा, म्हणजे मेक्सिकन मक्याच्या पोळीचा, वास येतो.

मेथांबा:
एकदा घातलाय. दालचिनी लावलेला टॉर्टिया खाल्ल्यासारखं वाटलं.

आता दुसरा प्रश्न. ही कुकी कडेला कुरकुरीत आणि मध्ये 'च्यूई' हवी. मी 'मध्ये चिवट' लिहिलं, तर वहिनींचा फोन, "मुद्दाम बिघडवायच्या का?"

जातं:
बरोबरच आहे त्यांचं! चिवट ही तक्रार आहे, कौतुक नव्हे. वातड, चामट तर त्याहून वाईट. लुसलुशीत म्हणजे पुरणपोळी. या गुणाला नाव शोधत बसण्यापेक्षा सरळ 'मध्ये मऊ, जरा चावावी लागेल अशी' लिहा. आणि 'कुरकुरीत'सुद्धा नीट बघून वापरा. खुसखुशीत मोहनामुळे होतं, दाबलं की विरतं. कुरकुरीत दाताखाली वाजतं. तुमच्या कुकीत लोण्याची खुसखुस आणि मक्याच्या कणांची कुरकुर, दोन्ही असणार.

पाटपाणी:
मी फक्त क्रियापदांसाठी आले. लोणी-साखर 'मिक्स' नाही, *फेसायची*. गोळे साखर-दालचिनीत *घोळवायचे*, भुरभुरवायचं नाही; भुरभुरवलं तर खालची बाजू कोरीच राहते. भट्टीत वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला गोळा नंतर पसरतो, म्हणून भेगा पडतात. या कुकीत घालतात त्या क्रीम ऑफ टार्टार पावडरीला प्रतिशब्द नको, नुसतं 'टार्टार' चालेल. चिंचेतल्याच आम्लाचा क्षार तो, म्हणून कुकीला हलकी आंबट चव येते.

मेथांबा:
दुरुस्त ओळ अशी पाठवली: "मक्याचा बारीक रवा घालून गोळा अर्धा तास झाकून ठेवा, कण जरा फुगतील. मग लिंबाएवढे गोळे साखर-दालचिनीत घोळवून 175 अंशांवर 10-11 मिनिटं. मध्ये ओलसर वाटल्या तरी बाहेर काढा, निवताना आळतात."

काल फोटो आला. पिवळसर, छान भेगाळलेल्या. डब्यावर चिठ्ठी: 'मक्याची नानकटाई'.

तिखटमीठ:
नानकटाईत अंडं नसतं. हरकत नोंदवून घ्यावी.

मेथांबा:
वहिनींना तुम्ही सांगा.